टक्केसाहेबांची दोन तिकिटं

माझे भावोजी दुकानात पैसे द्यायला पाकीट काढायचे, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस आधी हसायचा आणि मग हळूहळू त्याचं हसू मावळायचं. पाकीट उघडलं की कार्डं निघायची, पत्त्यांच्या डावासारखी हातात पसरायची, आणि त्यातलं कुठलं टाकायचं याचा विचार सुरू व्हायचा. मागे रांग वाढायची. कुणी खाकरायचं, कुणी घड्याळ बघायचं. भावोजी शांत. औषधांना एक कार्ड, किराण्याला दुसरं, पेट्रोलला तिसरं, आणि महिनाअखेरीला यातल्या कशाचा कॅशबॅक ठरलेल्या मर्यादेला टेकलाय ते सगळं डोक्यात. मी चपलांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. माझं अर्धं आयुष्य त्या स्वाइप मशीनपुढे गेलंय, तेव्हा माणसं पैसे कसे देतात ते मला कुणी शिकवू नये. बहुतेक जण हाताला येईल ते कार्ड पुढे करतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. भावोजींसारखं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही, आणि देवाने दाखवूही नये.

इमारतीत त्यांना टक्केसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. त्यांना राग यायचा नाही, उलट थोडं बरंच वाटायचं, कारण साहेब म्हणावं असं त्यांच्यात दुसरं काही नव्हतं. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, शर्टाच्या बाह्यांवर कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी. पेशाने ते कवळ्या बनवायचे.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्यांची खोली होती. खिडकीला जाळी, टेबलावर मेण वितळवायचा छोटा दिवा, बारीक कानशी, ब्रश, आणि तिन्ही भिंतींवरच्या फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा इतकी तोंडं एकदम आपल्यावर दात विचकतायत असं वाटून दारातच थबकले. भावोजींनी मान वर न करता सांगितलं, "ये, मेव्हणीबाई. चावत नाहीत. अजून पैसे यायचेत त्यांचे."

कवळीचं काम मोठं चिकट. केसाएवढा फरक राहिला तरी हिरडी सोलते, आणि म्हातारं माणूस ती कवळी रुमालात बांधून परत आणतं. मग पुन्हा घासायची, पुन्हा बसवून बघायची. भावोजींना त्याचा कंटाळा नव्हता. एखाद्या आजोबांना चावता येईना म्हणून ते त्यांच्या घरी जाऊन समोर बसून त्यांना पाव खायला लावायचे आणि जबडा कुठे अडतो ते बघायचे. हा चिकटपणा कवळ्यांपुरताच राहिला असता तर आज मी हे लिहीत बसले नसते.

कार्डांचं वेड त्यांना कसं लागलं कोण जाणे. पण त्यातलं त्यांना कळायचं, हे मी रागारागाने का होईना, कबूल करते. एकदा बाजारात एका गोड बोलणाऱ्या मुलीने मला सोनेरी कार्डाचा अर्ज दिला, वर एक प्रवासी बॅग फुकट. मी खुशीत बॅग घेऊन ताईकडे गेले. भावोजींनी आधी बॅगेची चेन ओढून बघितली. ती हातात आली.

"बॅग दिली म्हणून कार्ड घेतेस?"

"रंग बरा आहे," मी म्हटलं.

"बॅगेचा की कार्डाचा?" मग त्यांनी चष्मा लावला. "महिन्याचा खर्च सांग. डॉक्टरला आणि मला खोटं सांगायचं नाही."

मी सांगितलं. त्यांनी अर्जाच्या मागची बारीक अक्षरं वाचली, आणि मला समोर बसवून धडा घेतला. वर्षाची फी किती ते आधी बघायचं. ती वसूल होण्याएवढा आपला खर्चच नसेल तर कार्डाला नमस्कार करून पुढे जायचं. कॅशबॅक कशावर, किती आणि कुठपर्यंत ते बघायचं. "पाच टक्के ढोलाएवढ्या अक्षरात लिहितात आणि मर्यादा मुंगीएवढ्या. आणि पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. एका पॉइंटाचे खरे किती मिळतात ते विचार. ढीगभर पॉइंट देऊन चहाचा कप मिळत असेल तर ते पॉइंट कसले, चिंचोके." शेवटी बोट उगारून म्हणाले, "बिल पूर्ण भरायचं, तारखेच्या आत. एकदा व्याज लागलं की टक्के तुझे नाहीत, तू टक्क्यांची."

त्यांनी मला एक साधं कार्ड घ्यायला लावलं. फी नाही, सगळ्या खर्चावर सरसकट थोडा कॅशबॅक, दिसायला शाळेच्या ओळखपत्रासारखं. वर्षाच्या शेवटी त्याच परताव्यात माझ्या खोलीत हीटर आला. शेजारच्या नळकाम करणाऱ्याला त्यांनी पेट्रोलचं कार्ड सुचवलं, वरच्या मजल्यावरच्या शिक्षकबाईंना पुस्तकांचं. शिक्षकबाईंच्या हातून एक कार्ड त्यांनी अक्षरशः कात्रीने कापायला लावलं, कारण त्या पॉइंटांसाठी नको ते विकत घेत होत्या. सगळ्यांचं भलं झालं. त्यामुळे सगळ्यांना सवय लागली. काही मोठं घ्यायचं असलं, कुठे जायचं असलं, तर टक्केसाहेबांना विचारा. त्यांची लेक तर लहानपणापासून त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. बाबा थांब म्हणाले की थांबायचं, आठवड्याने तीच वस्तू स्वस्त मिळायची.

आता ताईचं सांगते. आमची आई लवकर गेली. माझ्या वेण्या ताईने घातल्या, माझी पहिली नोकरी तिने शोधली, आणि माझ्या तिखट जिभेवर हसणारी जगात तीच एक होती. कपड्यांच्या दुकानांतून तिच्याकडे काम यायचं. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, जाड माणसाने घेतलेला कोट बारीक माणसाला बसवणं. खिडकीपाशी तिचं पायमशीन होतं आणि दिवसभर तिचे पाय त्यावर चालायचे. संध्याकाळी ते सुजायचे. भावोजी कामावरून आले की हात धुवायच्या आधी बादलीत गरम पाणी काढायचे, मीठ टाकायचे, आणि बादली तिच्या खुर्चीपुढे आणून ठेवायचे. तिचे पाय पाण्यात असेपर्यंत शेजारी बसून कार्डांची बिलं तपासायचे.

लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. तिथे वृद्धांच्या निवासात कामाला लागली, जावई बस चालवायचा, आणि त्यांना मुलगी झाली. ताईने नात पाहिली ती फोनवर. नातीनेही आजी पाहिली ती फोनवरच, त्यामुळे आजी म्हणजे फोनमध्ये राहणारं काहीतरी असा तिचा समज झाला होता. फोन मध्येच बंद पडला की ती म्हणायची, "आजी संपली." आम्ही हसायचो. ताईही हसायची, पण एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मला एकदा तिचं डोकं हुंगायचंय गं. बाकी काही नको."

एवढीच तिची मागणी. दोन तिकिटं काढायची आणि जायचं. बँकेत एक ठेव होती, त्यात साधी तिकिटं आरामात आली असती. पण भावोजींनी विमान कंपनीच्या जाहिरातीत एक खुर्ची पाहिली होती. कळ दाबली की ती आडवी होते आणि माणूस पाय लांब करून झोपून जाऊ शकतो. तसली खुर्ची विकत घ्यायची तर कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दोन जन्म घ्यावे लागले असते. पॉइंटांवर मात्र मिळत होती. "तिचे पाय बघितलेस ना," ते मला म्हणाले. "इतका लांबचा प्रवास लटकत्या पायांनी कसा करेल ती? ही झोपून जाईल."

मग कार्ड निवडणं सुरू झालं. एक सबंध हिवाळा त्यात गेला. जेवण झालं की टेबलावर कागद पसरायचे. हे कार्ड पॉइंट जास्त देतं, पण विमान कंपनीकडे वळवताना निम्मे होतात. ते निम्मे होत नाहीत, पण फी जबर. तिसऱ्याची फी माफ होते, पण वर्षाला अमुक खर्च दाखवायला हवा, आणि त्यात घरभाडं धरत नाहीत. ताई समोर बसून दोरे तोडायची आणि मधूनच विचारायची, "अहो, झालं का माझं लग्न ठरवून?" वधूवर सूचकाने घातला नसेल एवढा घोळ त्यांनी घातला, आणि शेवटी एक कार्ड निवडलं. काळं, जड, फी ऐकून मला ठसका लागला. पण वर्षात ठरलेला खर्च झाला की बक्षिसाचे पॉइंट भरपूर, आणि सगळे जसेच्या तसे विमान कंपनीकडे वळवता येत होते. निवड चोख होती. वाईट कार्ड निवडलं असतं तर मला निदान त्यांना मूर्ख तरी म्हणता आलं असतं.

त्यांचा स्वतःचा खर्च तो केवढा. म्हणून सगळ्यांचा खर्च त्यांच्या कार्डावर यायला लागला. माझ्या दुकानातल्या नव्या फळ्या, नळकामवाल्याचे पाइप, शिक्षकबाईंचा फ्रिज. लोक त्यांना रोख आणून द्यायचे, ते कार्डावर भरायचे आणि तारखेच्या आत बिल चुकतं करायचे. दंतवैद्याने नवी खुर्ची घेतली तीसुद्धा त्यांच्याच कार्डावर आली. त्या दिवशी ते घरी पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने आले. ताईने बादलीत पाय सोडलेले होते. "जवळ आलो," ते म्हणाले. "उन्हाळ्यात निघू."

उन्हाळा आला आणि विमान कंपनीने त्या खुर्चीला लागणारे पॉइंट दुप्पट केले. आदल्या दिवशी जवळजवळ पुरे असलेले पॉइंट सकाळी उठून बघतात तो जेमतेम निम्म्या भाड्याचे. भावोजी त्या दुपारी माझ्या दुकानात आले आणि चपला घालून बघायच्या स्टुलावर बसून राहिले. मी एका बाईला सँडल दाखवत होते. ती गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं.

"साधी तिकिटं काढा," मी म्हटलं. "ठेव मोडा आणि जा."

"आहेत ते पॉइंट साध्या तिकिटावर टाकले तर मातीमोल जातील. आणखी वर्षभर थांबलं तर..."

"भावोजी, दात कोरून पोट भरत नाही."

"माझं तर त्यावरच भरलंय."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही हसले. "ताई बसेल साध्या खुर्चीत. एवढी काही ती महाराणी लागून गेलेली नाही."

"तेच ना," भावोजी म्हणाले. "कधीच नव्हती. एकदा तरी होऊ दे."

मी शटर पुन्हा वर ढकललं. संध्याकाळी ताईकडे जाऊन मी सगळं ओकले. तिने ऐकून घेतलं, मशीनमधला दोरा बदलला, आणि म्हणाली, "असू दे गं. त्यांनी मला आजवर काही मोठं दिलं नाही, ते त्यांना फार लागतं. मला लागत नाही, पण त्यांना लागतं." मग सुईत दोरा ओवता ओवता, "पोरगी मात्र भराभर वाढतेय," म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षात ताई जिन्यात थांबायला लागली. आधी दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्या. वजन वाढलंय, म्हणायची. पायांची सूज आता सकाळीही उतरत नव्हती. भावोजींनी बादलीतलं मीठ वाढवलं. मशीन कमी चालव म्हणाले, आणि तिने कमी चालवलंही. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात दुसरा विचार आला नाही, कारण मशीन समोर होतं, पाय समोर होते, आणि दोष द्यायला ते पुरेसं होतं.

मग एका सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन जिन्यात बसली ती उठलीच नाही. ओठ निळे पडले होते. नळकामवाल्याने तिला उचलून गाडीत घातलं, आणि मी दुकान तसंच टाकून इस्पितळात पोचले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. हृदयाची झडप कित्येक वर्षांपासून खराब आहे, फुप्फुसांत पाणी भरलंय, मूत्रपिंडंही थकलीत.

"पायांना सूज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"ती मशीनमुळे आहे," भावोजी म्हणाले.

"मशीनमुळे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावोजींनी मान हलवली, कुणी त्यांना बसची वेळ सांगितल्यासारखी. मग आम्हाला अनामत भरायला खाली पाठवलं. काचेमागे एक कारकून बसला होता. त्याने रक्कम सांगितली, मशीन पुढे सरकवलं, आणि भावोजींनी पाकीट काढलं. मी त्यांच्या मागेच होते. त्यांच्या बोटांनी एक कार्ड वर ओढलं, परत आत सरकवलं. दुसरं अर्धं बाहेर आलं, थांबलं. वर माझी ताई नाकाला नळी लावून पडली होती, आणि हा माणूस इथे उभा राहून निवडत होता. माझं डोकं फिरलं. "द्या ना काहीतरी," मी एवढ्या जोराने म्हटलं की कारकुनाने वर पाहिलं. भावोजींनी काळं कार्ड पुढे केलं. पावती निघाली आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला नाही. पण मला माहीत होतं कसला ते. बँकेचा संदेश, एवढे पॉइंट जमा झाले म्हणून.

तो लोभ नव्हता, हे आता मला कळतं. माणूस भांबावला की हात आपल्या ओळखीचं काम करतो. माझाही हात त्या वेळी काचेवरची धूळ पुसत होता. पण कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. मी त्यांना माफ केलेलं नाही.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला होता. मी ताईपाशी होते, भावोजी बाहेर बोलले, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला नंतर लेकीकडूनच कळलं. ती म्हणाली, मी आत्ता निघते. भावोजी म्हणाले, "थांब. आजचे दर बघितलेस का? दुपटीच्या वर आहेत. डॉक्टर म्हणतात आठवड्यात घरी सोडतील. पुढच्या आठवड्यात तिकीट निम्म्यावर येतंय, मी नजर ठेवून आहे. शिवाय आमचीच तिकिटं होत आलीत."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. आठवड्यात घरी जाल हे चादरी बदलणाऱ्या बाईने म्हटलं होतं, आणि ती सगळ्यांनाच म्हणायची.

"नक्की ना बाबा?" लेकीने विचारलं.

"मी कधी चुकलोय का?"

खरंच कधी चुकले नव्हते. फ्रिज, बॅग, हीटर, शाळेची फी, सगळ्यात त्यांचं बरोबर निघालं होतं. म्हणून ती थांबली. मला वाटतं, त्या दिवशी दराची चिंता त्यांनाही नव्हती. दुप्पट पैसे देऊन लेकीने धावत यायचं, म्हणजे तिची आई चालली हे कबूल करायचं. निम्म्या दराची वाट बघणाऱ्या घरात कुणी मरत नसतं. त्यांनी स्वतःला तेवढं सांगितलं, आणि दुर्दैवाने तिलाही सांगितलं.

पुढचे दिवस बिलं वाढत गेली. रोज खाली बोलवायचे, रोज काळं कार्ड, रोज खिशात फोन वाजायचा. बिलाच्या तारखेला भावोजी बँकेत जाऊन ती ठेव मोडून आले. साध्या तिकिटांसाठी जी मोडवली नव्हती तीच.

मग एका सकाळी ताईला जरा बरं वाटलं. तोंडावरचा मास्क काढून तिने पाणी मागितलं, मला म्हणाली, "तू केस विंचरत जा गं, भूत दिसतेस." भावोजी पलंगापाशी स्टुलावर बसले होते. त्यांच्या बाहीवर अजून प्लॅस्टर होतं, म्हणजे पहाटे जाऊन कुणाची तरी कवळी पुरी करून आले होते.

"अहो," ताई म्हणाली, "किती झाले?"

त्यांना कळलं नाही. मग कळलं.

"पुरले," ते म्हणाले.

"आडव्या होणाऱ्या खुर्च्यांना?"

"हो. दोन्ही."

"एकदम कसे पुरले?"

भावोजींनी चादरीचं टोक सारखं केलं. "ऑफर होती," ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हिशेब येत नव्हता असं नाही. आयुष्यभर ती इंचाच्या आठव्या भागात काम करत आली होती. मग तिने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, जसं ती मी लहान असताना, वडील काहीतरी थाप मारत असले की मिचकावायची. "मग काढा तिकिटं," ती म्हणाली. "खिडकी मला."

त्यांनी काढली. बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून फोनवर काढली, आणि आत येऊन तिला दाखवली. दोघांची नावं, दोन खुर्च्या, खिडकीची ताईची. तिने फोन हातात धरून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी, व्हरांड्यात जेवणाच्या गाड्या फिरत असताना, ती गेली. मी तिचा हात धरला होता. भावोजी खाली औषध आणायला गेले होते. वर आले ते पिशवी हातात घेऊन उभेच राहिले, आणि नर्सने ती पिशवी त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

शेवटचं बिल त्यांनीच भरलं. त्या वेळी निवडलं नाही, पाकिटातलं सगळ्यात पुढचं दिलं. ते काळंच होतं. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी वाचलं. अभिनंदन, असा पहिला शब्द होता. मी तो संदेश पुसून टाकला आणि फोन माझ्याच पर्समध्ये ठेवला.

लेक पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विमान चुकलं नव्हतं, उशीर झाला नव्हता, ती फक्त लांब होती. शेजारी येऊन बसून गेले होते, शिक्षकबाईंनी सूप आणून ठेवलं होतं ते तसंच होतं. भावोजी बिछान्याच्या कडेला बसून असायचे. रडले नव्हते. कुणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचे. मला ते बघवत नव्हतं आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायचीही इच्छा नव्हती, म्हणून मी भांडी घासत होते. स्वच्छ भांडीही घासत होते.

बेल वाजली तेव्हा दार त्यांनीच उघडलं. लेक उभी होती. कडेवर झोपलेली पोर, एक पिशवी, अंगावर कामाच्या गणवेशाचाच सदरा, बदलायला वेळ झाला नव्हता. डोळे सुजून बारीक झालेले. मी ओला हात पुसत मागे आले. बाप-लेक एकमेकांकडे बघत होते आणि भावोजींचे ओठ हलत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते सापडत नव्हतं, आणि मग जे सापडलं ते त्यांच्या तोंडून आलं.

"तिकीट कुठल्या कार्डावर काढलंस?"

हातात भांडं असतं तर मी फेकून मारलं असतं, शपथेवर सांगते. लेक मात्र चिडली नाही. खूप दमलेल्या माणसाकडे चिडायलाही काही उरत नाही.

"बघितलं नाही, बाबा," ती म्हणाली. "जे हाताला लागलं ते दिलं. किती झाले तेही बघितलं नाही." पोर खांद्यावरून घसरत होती, तिला तिने वर घेतलं. "तुम्ही थांब म्हणालात ना, त्याच दिवशी असं काढायला हवं होतं."

भावोजींनी मान हलवली. दोनदा, तीनदा, अगदी पटल्यासारखी.

"हो," ते म्हणाले. "असंच काढायचं असतं." आणि दारातच, तिच्या पिशवीशेजारी, खाली बसले.